आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त

मराठीत प्रवासवर्णनाची समीक्षा बहुधा प्रवाशाच्या बाजूने होते. लेखकाची नजर किती ताजी, विनोद किती सहज, निसर्गचित्रे किती हुबेहूब, एवढे तपासून समीक्षक थांबतो. ज्याच्या गावात हा प्रवासी जाऊन आला, त्या गावच्या माणसाने ते पुस्तक वाचले तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. याचे कारण साधे आहे. लंडनचा, कैरोचा किंवा बँकॉकचा माणूस मराठी वाचत नाही. त्याच्याकडून खुलासा मागवणारे पत्र संपादकांकडे येण्याची भीती नसते.

मी राहतो ते गाव मात्र वर्षभर लोकांनी पाहायला यावे असे आहे. वाडी रत्नागिरी, म्हणजे जोतिबाचा डोंगर. कोल्हापूरपासून सतरा-अठरा किलोमीटर, पन्हाळा तालुक्यात. भक्तासाठी हा केदारनाथ, सहलीला निघालेल्यासाठी पन्हाळ्याच्या वाटेवरचा एक थांबा, आणि गुरव, नारळवाला, गुलालवाला, पार्किंगवाला यांच्यासाठी रोजची भाकरी. त्यामुळे प्रवासवर्णन हातात घेतले की माझे लक्ष पाहणाऱ्यावरून घसरून पाहिल्या जाणाऱ्याकडे जाते. हा माझा दोष असेल तर असो. करवीर नगर वाचन मंदिरातली आणि जुन्या बाजारातली पुस्तके वाचून जे शिक्षण झाले, त्यात निःपक्षपातीपणाचा तास नव्हता.

या बाजूने मांडणी करायला एक दूरचा देश मुद्दाम निवडला आहे: कोलंबिया. अलीकडे मराठी मध्यमवर्गाची सहल युरोप, अमेरिका, जपान उरकून दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचली आहे, आणि तिथले लेख दिवाळी अंकांतून येऊ लागले आहेत. अशा लेखांची चाल ठरलेली असते. आधी शहरे, म्हणजे बोगोता आणि मेदेयिन. मग कॉफीचा प्रदेश. शेवटी कार्ताहेना आणि समुद्र. शहर, मळा, किनारा. ही चाल काही कोलंबियाने शोधलेली नाही. आमच्याकडच्या सहलीचे पत्रक काढून बघा: पहिला दिवस कोल्हापूर, दुसरा जोतिबा-पन्हाळा आणि वाटेत गुऱ्हाळ, तिसऱ्या दिवशी आंबा घाट उतरून गणपतीपुळे. म्हणजे बोगोताहून निघालेला आणि कोल्हापुरात उतरलेला, दोघे एकाच साच्यातून जातात. साचा वाईट असतोच असे नाही, पण साच्याने काय गाळले याचा हिशोब समीक्षेने मांडायला हवा.

आधी थोडे मागे जाऊ. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते कर्ज फेडण्यासाठी. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, ही वार्ता कानावर आली म्हणून. (या शिंद्यांचे कुलदैवत जोतिबा. आमच्या डोंगरावरचे आजचे मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधले, असे मानले जाते.) भटजी अडकले १८५७ च्या बंडात. ‘माझा प्रवास’ छापून आले ते १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी हात फिरवल्यानंतर. इतिहासकार त्या पुस्तकात झाशी शोधतात. मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की प्रवाशाच्या कनवटीला काय आहे, ते कसे मिळाले आणि कुठे लुटले गेले, हे वाचकाला सतत माहीत असते. पोटासाठी फिरणारा माणूस दुसऱ्याच्या पोटाकडेही बघतो. आजच्या सहलीच्या लेखात एकूण खर्च कधी कळत नाही, आणि तिथल्या माणसाला त्यातले किती मिळाले हे तर नाहीच नाही.

दुसरे पुस्तक पंडिता रमाबाईंचे. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत फिरल्या. १८८९ मध्ये आलेल्या पुस्तकाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. नावातला क्रम पाहावा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यव्यवस्था, शिक्षण, घरसंसार, स्त्रियांची संघटना यांवर त्या प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करतात. त्या देशाचे त्यांना कौतुक आहे, पण मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना मिळालेली वागणूक त्या कौतुकाखाली झाकत नाहीत. नवल वाटणे आणि डोळे उघडे असणे ही दोन्ही कामे एकाच पुस्तकात होऊ शकतात, याचा पुरावा मराठीला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेला आहे.

मग हा क्रम उलटला केव्हा? पु. ल. देशपांड्यांवर ठपका ठेवण्याची सोपी रीत आहे, ती मला मान्य नाही. ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ (१९६३) या पुस्तकांत नवल केंद्रस्थानी आले हे खरे, पण तिथे हसू येते ते बहुतेक वेळा बुजलेल्या, गोंधळलेल्या प्रवाशावर, म्हणजे स्वतः लेखकावर. परक्या माणसाला त्यांनी आरशासारखे वापरले, तमाशासारखे नाही. नंतरच्यांनी नवल उचलले आणि स्वतःची टिंगल तेवढी वगळली. उरले ते भारावणे.

मीना प्रभूंचे प्रकरण वेगळे. स्वतः आखणी करून, बऱ्याचदा एकटीने फिरून, एकेका देशावर जाडजूड पुस्तक लिहिणे हे मराठीत त्यांनी रूढ केले. दक्षिण अमेरिका मराठी घरात आणली तीही त्यांच्या ‘दक्षिणरंग’ने. त्यांची पुस्तके ज्या कष्टाने उभी राहिली, त्याबद्दल आदर ठेवूनच एक निरीक्षण नोंदवतो, आणि ते फक्त शीर्षकांविषयी आहे. ग्रीकांजली, इजिप्तायन, तुर्कनामा, मेक्सिकोपर्व, गाथा इराणी. प्रत्येक वेळी परका देश आपल्या ओळखीच्या एखाद्या वाङ्मयप्रकारात बसवला आहे: अंजली, आयन, नामा, पर्व, गाथा. ‘दक्षिणरंग’ तर थेट ‘पूर्वरंग’च्या पंगतीला बसते. वाचकाला हात धरून नेण्याची ही युक्ती उत्तम आहे. पण तिच्यामुळे वाचकाला एक सवय लागते. देश कितीही वेगळा असो, घरी आणताना तो आपल्या मापाच्या डब्यात मावला पाहिजे, ही ती सवय. लेखिकेने ती कष्टाने कमावली होती. तिच्यामागून आलेल्या सहलीच्या लेखकाला ती फुकट मिळाली.

आता कोलंबिया. तिथे मी गेलेलो नाही. जे जाणतो ते वाचून. पण जोतिबाच्या डोंगरावर बसून वाचले, तर काही गोष्टी जागेवर गेलेल्यापेक्षा जास्त टोचतात.

बोगोता शहरच समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरवर आहे, आणि त्याच्या डोक्यावर मोन्सेरातेचा डोंगर, ३,१०० मीटरहून उंच. सहलीच्या लेखात मोन्सेराते म्हणजे केबल कारचा पाळणा, थंड वारा आणि खाली पसरलेल्या शहराचे विहंगम दृश्य. (‘विहंगम’ हा शब्द मराठी प्रवासवर्णनातून दहा वर्षांसाठी हद्दपार करावा. पक्ष्यांची तक्रार येणार नाही.) वस्तुतः मोन्सेराते हे देवस्थान आहे. क्रुसाच्या ओझ्याखाली पडलेल्या ख्रिस्ताची सतराव्या शतकातली मूर्ती तिथे आहे, आणि तिच्यासाठी लोक पायऱ्या चढून येतात. नवस फेडायला गुडघ्यांवर चढणारेही असतात. डोंगरावर जाणारी कलती रेल्वे १९२९ ची, केबल कार १९५५ ची. पण रविवारी पहाटे पायवाटेने निघणारी बोगोताची माणसे या दोन्हींच्या आधीपासून चढत आहेत. वर खाण्याची दुकाने, मेणबत्त्या, देवाच्या वस्तू. चैत्री पौर्णिमेला सासनकाठ्या नाचवत येणाऱ्या, गुलालाने लाल झालेल्या माणसांना ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणताना ज्याने ऐकले आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. आमच्याकडे येणारा सहलीचा लेखकही वर येऊन काय लिहितो? पन्हाळ्याचे दृश्य सुंदर दिसते. पायथ्यापासून काठी खांद्यावर तोलत आलेल्या माणसाला पन्हाळा बघायला मान वळवता येत नाही.

१८८६ च्या कोल्हापूरच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये या डोंगराची देवळे आणि जत्रा यांची नोंद आहे. ती राज्यकर्त्याची नजर होती, प्रेमाची नव्हे. तरीही ती नोंद वाचून देऊळ कुणी बांधले आणि जत्रा केव्हा भरते हे कळते. प्रेमाने लिहिलेल्या कित्येक लेखांतून तेवढेही कळत नाही. इरावती कर्व्यांची ‘परिपूर्ती’तली ‘वाटचाल’ आणि दि. बा. मोकाशींची ‘पालखी’ ही मराठीतली याला मोठी उत्तरे. बाई पंढरीच्या वाटेवर चालल्या आणि चालता चालता दिंड्या जातींनी कशा वेगळ्या पडतात हेही त्यांनी पाहिले. मोकाशी १९६१ मध्ये वारीबरोबर गेले आणि माणसांना बोलते करत राहिले. दोघांनीही भक्तीचा अपमान केला नाही आणि भक्तीच्या नावाखाली काही लपवलेही नाही. पंढरपूरला जाताना जे जमले, ते मोन्सेरातेला जाताना का जमू नये?

मेदेयिनमध्ये हा प्रश्न अधिक कडक होतो. या शहरावर लिहिलेला लेख बहुधा दोन टोकांत मांडलेला असतो. आधी पाब्लो एस्कोबारचे रक्तरंजित शहर, मग मेट्रो (१९९५), डोंगरावरच्या गरीब वस्त्यांना शहराशी जोडणारी केबल (२००४) आणि ‘कोमुना १३’ वस्तीत २०११ मध्ये बसवलेले उघड्यावरचे सरकते जिने. अंधाराकडून उजेडाकडे. जिने खरे आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांच्या साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या वाचल्या, हेही खरे. पण त्याच कोमुना १३ मध्ये ऑक्टोबर २००२ मध्ये लष्कराने ‘ओरियन’ नावाची कारवाई केली. त्या काळात नाहीसे झालेल्यांच्या आया कितीतरी वर्षे सांगत होत्या की, आमची मुले शेजारच्या राडारोड्याच्या ढिगात पुरली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये त्या ढिगातून मानवी अवशेष निघाले. आयांचे म्हणणे खरे ठरले, अशा अर्थाचे एक भित्तिचित्र शहरात रंगवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये नगर प्रशासनाने ते पुसले आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. कोमुना १३ ची भित्तिचित्रे पाहायलाच तर प्रवासी जातात! कुठले चित्र टिकते आणि कुठले पुसले जाते, हे ज्या लेखात नाही, तो लेख रंगांविषयी आहे. चित्रांविषयी नव्हे.

कॉफीच्या प्रदेशात येताच मराठी लेखणी हमखास हळवी होते. काल्दास, किंदियो, रिसाराल्दा हे तीन प्रांत मुख्य. कोकोरा खोऱ्यातले साठ मीटरपर्यंत वाढणारे मेणताड, रंगवलेल्या खिडक्यांची गावे, हिरवे उतार. युनेस्कोने २०११ मध्ये या ‘कॉफीच्या सांस्कृतिक भूदृश्या’ला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. लेखात पुढे येतो तो टोपी घातलेला, खांद्यावर शाल टाकलेला, खेचर घेऊन निघालेला शेतकरी: हुआन बाल्देस. हा माणूस जन्मला न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपनीत, १९५० च्या दशकाच्या शेवटी. त्याची भूमिका करणारा पहिला नट होसे दुवाल क्यूबाचा. जाहिरात होती कोलंबियाच्या कॉफी उत्पादक महासंघाची. म्हणजे शेतकऱ्यांच्याच संघटनेने परक्या ग्राहकासाठी शेतकऱ्याचा एक मुखवटा बनवून घेतला आणि पुढे खरे शेतकरी पर्यटकांसमोर तो मुखवटा घालू लागले. कोल्हापुरात फेटा बांधून तांबडा-पांढरा वाढणाऱ्या हॉटेलातला पोऱ्या घरी फेटा बांधत नाही, हे आपल्याला कळते. तिथे मात्र आपण फोटो काढून खाली ‘अस्सल’ असे लिहितो.

महासंघ १९२७ चा. सहकाराच्या मातीत वाढलेल्या कोल्हापूरच्या लेखकाला खरे तर इथे थांबायला हवे. पाच लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबे, बहुतेकांची जमीन पाच हेक्टरांच्या आत, आणि पिकवलेली कॉफी महासंघ घेणारच ही हमी. आपल्या साखर कारखान्यांशी तुलना करण्यासारखे याहून चांगले उदाहरण दुसऱ्या गोलार्धात सापडणार नाही. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोट्याची व्यवस्था कोसळली आणि भाव घसरले. १९९५ मध्ये किंदियो प्रांतात कॉफीचे मनोरंजन उद्यान उघडले. २५ जानेवारी १९९९ ला आर्मेनिया शहराला भूकंपाने झोडपले, हजाराहून अधिक माणसे गेली. याच वर्षांत मळ्यातल्या जुन्या घरांतून पाहुणे ठेवण्याचा धंदा वाढला. आज प्रवासी ज्या झुलत्या खाटेवर पहुडून कॉफी पितो, ती खाट तिथे आली त्यामागे पडलेला भाव आहे. कृषी पर्यटनाच्या पाट्या आपल्याकडेही लागल्या आहेत. त्या कुठल्या पिकाच्या कुठल्या भावानंतर लागल्या, हे कुणी तरी तपासावे.

आणि फळे तोडतो कोण? उतार इतके तीव्र की यंत्र चालत नाही. पिकलेले लाल फळ तेवढे हाताने वेचायचे. मोठा बहर आणि धाकटा बहर, असे वर्षातून दोन हंगाम. त्यांच्या मागे प्रांतोप्रांती फिरणाऱ्या मजुरांना तिकडे ‘आंदारिएगो’ म्हणतात, भटके. मजुरी किलोवर. आपल्याकडे दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातून उतरणारे कोयते, त्यांची उचल, टनावरची मजुरी, फडाशेजारची कोपी, हे सगळे ज्याने रस्त्याच्या कडेला पाहिले आहे त्याने आंदारिएगोवर एक परिच्छेदही लिहू नये? मला वाचायला मिळालेल्या मराठी लेखांत तो सापडला नाही. कॉफीचा कप दाखवायचा तर धरणारा हात लागतो. तोडणारा हात लागत नाही.

सर्वांत नवल मात्र दुसरेच आहे. कोलंबिया गुळाचा देश आहे. जगात सर्वाधिक गूळ करणारा भारत, आणि त्याच्या खालोखाल कोलंबिया. तिकडे त्याला पानेला म्हणतात आणि गुऱ्हाळाला त्रापिचे. चरक तोच, वाळलेल्या चिपाडांवर पेटणारे चुलवाण तेच, एकापुढे एक काहिली त्याच. रसावरची मळी काढण्यासाठी आमच्याकडे भेंडीचा चिकट रस घालतात, तिकडे ग्वासिमो नावाच्या झाडाची साल भिजवून तिचा चिकट रस घालतात. घरी आलेल्याला, कामावरून दमून आलेल्याला गरम गूळपाणी देतात, त्याला म्हणतात आग्वापानेला. डोंगराळ भागात सोबत चीजचा तुकडा. खेड्यातली कॉफीही कित्येकदा याच गूळपाण्यात उकळलेली असते. कोल्हापूरचा माणूस अर्धी पृथ्वी ओलांडून जातो आणि त्याच्यापुढे गूळपाणी येते! यावर पुस्तक लिहिता आले असते. पण सहलीच्या कागदावर ‘कॉफी प्रदेश’ असे छापलेले असते, म्हणून तो कॉफीच पाहतो. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना ‘बुंददाणे’ म्हणत. तो शब्दही एखाद्या लेखात आठवला जात नाही, कारण कॉफी परकी असण्यातच तिची गंमत आहे. आणि गूळ? तो तर घरचाच.

किनाऱ्याविषयी थोडक्यात. कार्ताहेना १५३३ चे. तटबंदी, बाल्कन्यांवर कागदी फुलांच्या वेली, सूर्यास्त. आणि गाब्रिएल गार्सिया मार्केस. त्याचे नाव घेतले की मराठी लेखकाला सुटल्यासारखे वाटते. जे समजले नाही ते ‘जादुई वास्तव’ म्हणून खपवता येते. त्याच किनारपट्टीवर सिएनागा गावात ६ डिसेंबर १९२८ ला केळीच्या मळ्यांतल्या संपकरी मजुरांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. ‘एकांताची शंभर वर्षे’ (१९६७) या कादंबरीत ती घटना आहे. त्यात जादू काही नव्हती.

कार्ताहेना हे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या विक्रीचे मोठे बंदर होते. तिथून पळालेल्यांनी बेंकोस बियोहोच्या नेतृत्वाखाली रानात तटबंद वस्त्या केल्या. त्यांतली सान बासिलियो दे पालेंके अजून आहे, स्पॅनिश आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून तयार झालेली स्वतःची बोली बोलत. युनेस्कोने २००५ मध्ये तिच्या संस्कृतीची दखल घेतली. आपल्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून आलेले सिद्दी मुरूड-जंजिऱ्याचे राजे झाले. एकाच खंडातून निघालेल्या माणसांच्या नशिबी एका किनाऱ्यावर किल्ला आला आणि दुसऱ्या किनाऱ्यावर साखळदंड. कोकण पाहिलेल्या मराठी प्रवाशाला ही तुलना सुचायला काय हरकत होती?

त्याऐवजी लेखासोबत हटकून एक छायाचित्र असते. पिवळ्या-निळ्या-लाल झग्यातल्या, डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या काळ्या बाया आणि मध्ये आपले दांपत्य. या बाया पालेंकेच्या, म्हणून पालेंकेरा. फळे विकून त्यांच्या आया-आज्यांनी घरे चालवली. आता फळांपेक्षा फोटोचे पैसे जास्त मिळतात. एका लेखात तर त्यांनी ‘पैसे मागितल्याने रसभंग झाला’ असे वाचले. आमच्या डोंगरावरही काठी नाचवणाऱ्याला थांबवून, पुन्हा एकदा गुलाल उधळ म्हणणारे येतात. तो उधळतो. त्या वेळी त्याच्या मनात काय असते, ते लिहायला अजून कुणी थांबलेले नाही.

कार्ताहेनाहून पालेंके सुमारे पन्नास किलोमीटर. सहलीच्या कागदावर त्या दुपारी लिहिलेले असते, ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’.